सरांचं वाक्य

सरांच्या खिशात बाराही महिने एक तपकिरी माकडटोपी असे. वसईजवळच्या सातिवलीतल्या आमच्या गाळ्याला पत्र्याचं छप्पर आहे. मे महिन्यात दुपारी तिथल्या टेबलाला हात लावावासा वाटत नाही. तरीही आमच्यापैकी कुणी संगणकावर आलेख उघडला की सर टोपी काढत, ती भुवयांच्या खाली ओढत आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत.

"माझ्या भुवया फितूर आहेत," ते म्हणत. "तुम्ही चालू द्या."

शेजारच्या गाळ्यात बादल्यांच्या कड्या बनतात. तिथल्या मुकादमाने एकदा मला बाजूला घेतलं. "मॅडम, ये बुजुर्ग को रोज सजा काय को देता है तुम लोग? काय गुन्हा केला त्याने?"

त्याला समजावून सांगायचा मी प्रयत्न केला, आणि मला ते जमलं नाही. सर गेल्यावर त्यांच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की ते समजावून सांगितल्याशिवाय सरांबद्दल काहीच सांगता येणार नाही. त्यांच्या सगळ्या विक्षिप्त सवयी त्या एकाच कामाने त्यांना लावल्या होत्या. टीचर मात्र हे मानत नाहीत. टीचर म्हणजे सरांच्या पत्नी. वाडीतल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं, त्यामुळे गावासाठी त्या टीचरच आहेत. त्यांच्या मते माणूस आधीपासूनच तसा होता, काम नंतर मिळालं.

अणुभट्टी चालू असली की तिच्यातून न्यूट्रिनो नावाचे कण अगणित संख्येने बाहेर पडत असतात. प्रतिन्यूट्रिनो म्हणायला हवं. सर असते तर त्यांनी मला इथेच थांबवलं असतं. हे कण भिंतीतून, माणसातून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार निघून जातात. एखादाच कुठेतरी अडतो. तो आमच्या यंत्रातल्या प्लास्टिकच्या कांड्यांमध्ये अडला तर तिथे एक बारीक चमक होते आणि डोळ्याची पापणी हलायच्या कितीतरी आधी दुसरी चमक होते. चमकांची ही जोडी म्हणजे कण आल्याची खूण. "एकटी चमक म्हणजे अफवा," सर म्हणत. "मागोमाग दुसरी आली तर बातमी."

हे कण वाटेत रूप बदलतात. त्यांची तीन रूपं माहीत आहेत. एक चौथंही असावं, जे कुठल्याच यंत्राला दिसत नाही, अशी शंका जगभर बऱ्याच जणांना आहे. ते खरोखर असेल तर भट्टीपासून थोडं दूर गेल्यावर जोड्यांची संख्या हिशेबापेक्षा कमी भरायला हवी. म्हणून आमचं यंत्र रुळांवर होतं. काही आठवडे पुढे सरकवायचं, काही आठवडे मागे घ्यायचं, मोजायचं आणि ताडून पाहायचं. कांड्या कापणं, घासणं, चकचकीत कागदात आणि वरून काळ्या कागदात गुंडाळणं हे सगळं सातिवलीच्या गाळ्यात झालं. यंत्र भट्टीजवळ गेलं तरी संस्थेने गाळा ठेवला, आणि आकडेमोड करायला आम्ही तिथेच बसू लागलो. मी, केतन, अधूनमधून येणारे आणखी दोघेतिघे, आणि भिंतीकडे तोंड केलेले सर.

त्या भिंतीचं कारण सरांच्या तरुणपणात होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, गाळ्याबाहेरच्या कट्ट्यावर डबा खाताना. ते आमच्याबरोबर आत जेवत नसत. जेवताना माणूस बेसावध असतो, असं त्यांचं म्हणणं.

"तेव्हा आम्ही दुसऱ्याच एका गोष्टीच्या मागे होतो," ते म्हणाले. "मला ती हवी होती. फार हवी होती. आलेखात एक उंचवटा दिसला. मग जिथे उंचवटा वाढत होता तिथे मी तपासणं थांबवलं आणि जिथे कमी होत होता तिथे तपासत राहिलो. मुद्दाम नाही हो. चोरीबिरी काही नाही. प्रत्येक वेळी मला कारण होतं, आणि प्रत्येक कारण बरोबर होतं."

"मग?"

"मग काय? दुसऱ्यांनी मोजलं तेव्हा तिथे सपाट मैदान. मला हवं होतं म्हणून मला मिळालं होतं, बाई." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "माणसाला स्वतःपासून सांभाळावं लागतं. दुसऱ्या कुणापासून नाही."

म्हणून आमच्या मोजणीत त्यांनी स्वतःला मोजणाऱ्यांतून बाहेर काढलं आणि वेगळंच काम घेतलं. भट्टीजवळ जोड्यांची नोंद होत असतानाच त्यांचा एक प्रोग्राम तिच्यात खोट्या जोड्या मिसळत असे. जवळ किती, लांब किती, कुठल्या दिवशी किती, हे फक्त त्या प्रोग्रामला आणि सरांना ठाऊक. आमच्या क्षेत्रात याला मीठ घालणं म्हणतात.

"तुमच्या आमटीत मीठ मी घातलंय," त्यांनी पहिल्या बैठकीत जाहीर केलं. "किती ते सांगणार नाही. चव घेऊन कृती बदलायची नाही. कृती पक्की करा, लिहून बंद करा, मग मी मीठ काढून देतो."

"सर, आमटीतून मीठ निघतं का कधी?" केतनने विचारलं. केतन विरारचा, आमच्यातला सगळ्यात लहान, आणि सरांशी असं बोलायची हिंमत असलेला एकटाच.

"आमच्या आमटीतलं निघतं. वाक्य माहीत असेल तर."

सगळं त्या वाक्यावर होतं. सरांनी सुरुवातीला प्रोग्रामला एक वाक्य दिलं होतं. त्या वाक्यातल्या अक्षरांवरून खोट्या जोड्यांची सगळी मांडणी ठरत होती. तेच वाक्य परत दिलं की खोट्या जोड्या ओळखून वेगळ्या काढता येत. एक अक्षर चुकलं तर काहीच निघत नसे. मूळ नोंदी ठेवायला आमच्याकडे जागा नव्हती. मीठ घातलेल्याच तेवढ्या ठेवल्या जात. आणि ते वाक्य सरांनी कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तीन वर्षं हे चाललं. त्या काळात सर आमच्याशी केळी, सोनचाफा, बावखल नावाच्या वाडीतल्या तळ्यातलं गवत, मुंबईला जाणारा भाजीचा टेम्पो आणि मुकादमाच्या मुलीची दहावी एवढ्याच विषयांवर बोलत. आम्ही कामाबद्दल काही विचारलं की टोपी खाली येई. केतन मुद्दाम त्यांच्यासमोर म्हणे, "सर, लांबच्या जोड्या जरा जास्तच वाटतायत ना?" आणि त्यांच्याकडे टक लावून बघे. सर लोकरीच्या आतून म्हणत, "केतन, सुकेळी खा." वाडीत पिकणाऱ्या राजेळी केळ्यांची सुकेळी टीचर घरी वाळवत. आता वसईत ती करणारी घरं फार उरलेली नाहीत. आमच्या गाळ्यात मात्र त्यांचा डबा कायम भरलेला असे, कारण कुणाचंही तोंड बंद करायचं असलं की सर तो पुढे करत.

सोमवारी मी आत आले की ते दारातच विचारत, "झालं का?" म्हणजे तुमची कृती, मोजायची पद्धत, पक्की झाली का. मी म्हणे, "नाही सर." आणि त्यांचा चेहरा उजळत असे. "उत्तम. काळजी करा. आपल्याला पगार काळजी करण्याचाच आहे."

काळजी त्यांना खरंच करता येत असे. यंत्र बांधत होतो तेव्हा ते हातात विजेरी आणि काळी चिकटपट्टी घेऊन कांड्यांभोवती फिरत. सुईच्या टोकाएवढा उजेड आत शिरला तरी चमक टिपणाऱ्या आतल्या नळ्यांना तो दिवसासारखा वाटतो. ही सवय ते घरीही घेऊन गेले. त्यांच्या घरी इन्व्हर्टरचा दिवा, फ्रीजचा दिवा, मच्छर घालवणाऱ्या यंत्राचा दिवा, सगळ्यांवर काळी पट्टी. टीचर म्हणत, "वीज आहे की गेली ते कळायला मला शेजारणीला हाक मारावी लागते. नाताळात तारा लावला तर हे त्याच्याकडेही असे बघतात, जणू तो कुठून गळतोय."

काळजीच्या या माणसाला मी एकदा माझी काळजी विचारली. "सर, वाक्याची दुसरी प्रत कुठे आहे? नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणाकडे तरी हवी."

"आहे."

"कुणाकडे?"

"अशा ठिकाणी, की माझ्या परवानगीशिवाय पोपसुद्धा ती काढू शकणार नाही."

आम्ही हसलो. मला वाटलं बँकेचा लॉकर असेल.

झटका आला तेव्हा सर सकाळी वाडीत केळीची पानं कापत होते. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. टीचरांचा फोन आला तेव्हा मी गोखिवऱ्याला घरीच होते. रिक्षात बसले, आणि रिक्षा सुटेपर्यंत मला फक्त सर दिसत होते. नाक्यावर पोहोचेपर्यंत वाक्य आठवलं. त्यानंतर हॉस्पिटलपर्यंत दोन्ही काळज्या शेजारी शेजारी बसून आल्या, आणि त्यांतली कुठली कुठली ते मला वेगळं करता येईना.

सर शुद्धीत होते. समजत सगळं होतं. डावा हात उचलत होते. चेहऱ्याची एक बाजू ओघळली होती, एक ताळ्यावर होती. टीचर त्यांना वाडीच्या बोलीत काहीबाही सांगत होत्या, कोंबडी अंडी देत नाही वगैरे, आणि सर ऐकत होते. मी कामाचं काही बोलले नाही.

बाहेर आल्यावर केतन म्हणाला, "ताई, एकदा विचारायला पाहिजे."

"ते बोलू शकत नाहीत, केतन."

"अक्षरांचा तक्ता दाखवू. एकेक अक्षरावर बोट ठेवू देत त्यांना."

"कुणी दाखवायचा? तू की मी? आपण दोघंही मोजणारे आहोत. आपल्याला वाक्य कळलं तर तीन वर्षांचं काम तिथेच संपलं."

"आणि कुणालाच नाही कळलं तर?"

टीचर मागे उभ्या होत्या हे आम्हाला माहीत नव्हतं. "तुमचं ते वाक्य ना?" त्या म्हणाल्या. "ते फादरांकडे आहे."

"फादरांकडे? ते कसं?" केतनने विचारलं.

"मला सांगितलं होतं यांनी, मोठी बढाई मारून. जगात सगळ्यात घट्ट झाकण कुठलं, तर कुमसार. म्हणून हे गेले कुमसाराला, गुडघे टेकले, पापं सांगितली, आणि शेवटी ते वाक्यही सांगून टाकलं. म्हणाले, आता ते कुठेही गळणार नाही."

कुमसार म्हणजे फादरांपुढे आपली पापं बोलून दाखवणं. तिथे ऐकलेलं फादर जीव गेला तरी कुणाला सांगत नाहीत, एवढं वसईत राहून मलाही ठाऊक होतं. सरांनी उजेड आत न येऊ देणारी खोली बांधण्यात आयुष्य घालवलं होतं. तिला दार ठेवायचं असतं याचा विचार त्यांनी केला नव्हता.

त्या संध्याकाळी टीचर मला घेऊन फादरांकडे गेल्या. फादर चाळिशीचे, शांत, चष्मा लावणारे. त्यांनी चहा मागवला आणि टीचरांचं सगळं ऐकून घेतलं.

"टीचर, मी काहीच सांगू शकत नाही," ते म्हणाले. "मला काही सांगितलं होतं की नव्हतं, हेही नाही."

"अहो फादर, ते पाप थोडंच आहे? विज्ञान आहे."

"कुमसारात जे येतं ते सगळं कुमसारच असतं. त्यातलं पाप कुठलं आणि बाकीचं कुठलं, हे निवडत बसणारा मी कोण?"

"मग सगळं बुडालं म्हणायचं?"

फादरांनी बराच वेळ कपातला चमचा फिरवला. "ज्याने सांगितलं तो स्वतः मोकळं करू शकतो," ते म्हणाले. "तो शुद्धीत असेल, आणि त्याची इच्छा असेल तर. उद्या दुपारी मी सरांना पवित्र तेल लावायला येणारच आहे."

रात्रभर मी देवाकडे काय मागितलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी फारशी मागणारी नाही.

दुसऱ्या दिवशी भेटण्याच्या वेळेत आम्ही चौघं सरांच्या पलंगाभोवती होतो. फादरांनी प्रार्थना म्हटली, कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. मग सरांचा डावा हात हातात घेऊन ते आधी त्यांच्या बोलीत आणि मग आम्हाला कळावं म्हणून सावकाश मराठीत म्हणाले, "सर, तुमचं काही माझ्याकडे असेल, आणि ते मी या लोकांना द्यावं असं तुम्हाला वाटत असेल, तर माझा हात दाबा."

सरांनी हात दाबला नाही. त्यांनी मान थोडी वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याच्या चालत्या बाजूची भुवई वर गेली.

तो प्रश्न मी दर सोमवारी ऐकत आले होते. झालं का?

झालं नव्हतं. दुसरी चमक किती उशिरापर्यंत आली तर जोडी धरायची, या एका मर्यादेवर माझं आणि केतनचं अडलं होतं. त्याला वाटत होतं पुरे झालं. मला आणखी एक तपासणी हवी होती. "हो सर, झालं" असं म्हणायला मला अर्धा क्षण लागला असता. सगळे माझ्याकडे बघत होते. केतनने माझ्या कोपराला हलकेच हात लावला. सरांची भुवई वरच होती.

"नाही सर," मी म्हणाले. "अजून नाही झालं."

भुवई खाली आली. सरांनी फादरांच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला, चादरीवर ठेवला आणि डोळे मिटले. झोपायच्या आधी माणूस मिटतो तसे, सावकाश.

जिन्यात केतन थांबला. मग म्हणाला, "ताई, हो म्हणायचं होतं ना. एवढंच. आपण थोडंच वाक्य ऐकणार होतो? ते फादरांकडेच राहिलं असतं. काम पूर्ण झाल्यावर घेतलं असतं."

"मग खरं ते सांगूनही तसं मागता आलं असतं," मी म्हणाले. "'अजून झालं नाही सर, पण झाल्यावर फादरांनी द्यावं का?' एवढंच विचारायचं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"सुचलं नाही. तुला सुचलं?"

त्याने नकारार्थी मान हलवली. आम्ही दोघंही फार शिकलेले आहोत. पलंगापाशी उभं असताना आमच्या डोक्यात होय आणि नाही एवढे दोनच रस्ते होते. उद्या जाऊन नीट विचारू, असं ठरवून आम्ही घरी गेलो.

सकाळी गेलो तेव्हा सरांना दुसरा झटका आलेला होता. ते शुद्धीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

चर्चच्या आवारात त्यांना मातीत ठेवलं तेव्हा गाळ्यातले आम्ही सगळे होतो, आणि शेजारचा मुकादमही आला होता, धुतलेला सदरा घालून. त्याने मला विचारलं, "टोपी दिली का बरोबर?" मी टीचरांकडे पाहिलं. टीचरांनी मान हलवली, दिली.

आम्ही काम पूर्ण केलं. हवी होती ती तपासणी झाली, केतनचं म्हणणं बरोबर निघालं, मर्यादा ठरली, कृती लिहून बंद केली. सोमवारी सकाळी दारात कुणी विचारलं नाही आणि मी उत्तर दिलं नाही. आता वाक्य शोधायला हरकत नव्हती. केतनने सरांची सगळी वाक्यं प्रोग्रामला देऊन पाहिली. भुवया फितूर आहेत. काळजी करा. एकटी चमक म्हणजे अफवा. केतन, सुकेळी खा. पूर्णविराम देऊन, न देता, ऱ्हस्व, दीर्घ. मीठ निघालं नाही.

त्याने तेवढ्यावर सोडलं नाही. एक दिवस तो फादरांकडे गेला, समोर बसला आणि सरांची वाक्यं एकेक करून म्हणू लागला, फादरांच्या चेहऱ्याकडे बघत. फादरांनी दोन वाक्यं ऐकली आणि उठून पाठ केली.

"केतन, मी पत्त्यांतही हरतो," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "चेहऱ्यावर सगळं दिसतं माझ्या. म्हणून मी खेळत नाही. घरी जा, बाळा."

मग टीचर म्हणाल्या, मला बसू दे एकदा. त्या गाळ्यात आल्या, सरांच्या खुर्चीवर बसल्या आणि आम्हाला बाहेर पाठवलं. खुर्ची संगणकाकडे फिरवलेली मी पहिल्यांदा पाहिली. आम्ही कट्ट्यावर उभे राहिलो. आत कळा दाबल्याचा आवाज येई, मग थांबे, मग पुन्हा येई. बऱ्याच वेळाने त्यांनी दार उघडलं. चष्मा हातात होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधी मला बावखलापाशी म्हणाले होते ते दिलं. पहिला मुलगा गेला तेव्हाचं दिलं. भांडणातलं दिलं. काहीच नाही ते."

रिक्षाची वाट बघताना त्या पुढे म्हणाल्या, "मला तुमच्या त्या चौथ्या रूपाचं काही पडलेलं नाही गं. मला एवढंच कळायला हवं होतं, की त्या वाक्यात मी आहे का."

फादरांची त्या वर्षी दुसरीकडे बदली झाली. जाण्याआधी ते टीचरांचा निरोप घ्यायला वाडीत आले. टीचरांनी त्यांना सुकेळी बांधून दिली आणि हाच एक प्रश्न विचारला. फादरांनी हात जोडले आणि गेले.

"जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," टीचर मला म्हणाल्या.

"मग त्याचा अर्थ..."

"काही अर्थ नाही. आधीही बघायचे नाहीत. लाजाळू आहेत."

तीन वर्षांच्या त्या नोंदी आमच्याकडे अजून आहेत. त्यांत खऱ्या जोड्या आहेत आणि खोट्या आहेत, आणि कुठली कुठली हे सांगणारं वाक्य या जगात एका माणसाला माहीत असेल तर असेल. केतनने त्यावर मला पुन्हा कधी बोल लावला नाही. संस्थेने आणखी एक फेरी मंजूर केली. कांड्या चांगल्या होत्या, रूळ चांगले होते, भट्टी चालू होती. सगळं पहिल्यापासून मोजायचं. प्रश्न एवढाच होता की मीठ कुणी घालायचं. आम्ही सगळे मोजणारे होतो. बाहेरचं माणूस हवं होतं, विश्वासाचं, आणि ज्याच्याकडे आमचं लक्ष राहील असं.

मी टीचरांना विचारलं. त्यांनी आधी नकार दिला, मग दोन दिवसांनी स्वतःच फोन केला.

"वाक्य मी देईन," त्या म्हणाल्या. "पण दुसरी प्रत माझ्या मनाप्रमाणे ठेवणार. आणि तुम्ही रविवारी जेवायला यायचं. कामाचं बोलायचं नाही."

दुसरी प्रत कुठे आहे ते मला माहीत नाही. नव्या फादरांकडे नाही ना, असं मी एकदा हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांना अजून माझी बोली कळत नाही. दोनदा सांगावं लागतं सगळं." एवढ्याने माझं समाधान झालं असं नाही.

आता रविवारी मी वाडीत जाते. टीचरांचं वय झालं आहे. जिना चढताना त्या मध्ये थांबतात. विहिरीच्या कडेला वाकून दोरी ओढतात तेव्हा मी उठून जवळ उभी राहते. मी त्यांच्या पायांकडे बघते, सूज आहे का. हाताकडे बघते, कप धरताना थरथरतो का. त्या बोलताना एखाद्या शब्दावर अडल्या तर मी मनात आकडे मोजू लागते. मग शब्द सापडतो आणि तो नुसता शेजारणीच्या सुनेचं नाव असतो.

गेल्या रविवारी त्या ओसरीवर राजेळी केळी सोलत बसल्या होत्या. मी पाटावर बसले. मीही एक केळं सोलायला घेतलं. मग मला राहवलं नाही.

"टीचर, बीपीची गोळी घेतलीत का?"

त्यांनी सालं एका बाजूला सारली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे माझ्यासाठी विचारतेस, की वाक्यासाठी?"

मी उत्तर शोधलं. माझ्यासाठी सोपं पडेल असं एक उत्तर होतं, आणि त्या ते मानूनही घेतील हे मला माहीत होतं.

"दोन्हींसाठी, टीचर."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढचं केळं हातात घेतलं. "मग दोनदा विचारत जा."